डॉक्टर जेकिल याचा 'मी'

कादंबरींतील पात्राचें विशेषनाम झिजून झिजून सामान्यनाम व्हावें, हें भाग्य फार थोड्या लेखकांच्या वांट्यास येतें. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश ग्रंथकारास तें एका लहानशा पुस्तकानें मिळवून दिलें. दिवसा सभ्यपणानें वागणारा आणि रात्रीं दुष्कृत्यें करणारा कोणी आढळला, कीं ज्यांनीं तें पुस्तक हातींहि धरलेलें नाहीं असे लोकसुद्धां त्यास 'जेकिल आणि हाइड' म्हणून मोकळे होतात. परंतु असलें भाग्य पुस्तकास पुष्कळदां महाग पडतें. नांव सर्वतोमुखीं झालें, कीं पुस्तक वाचण्याची गरज कोणास भासत नाहीं, आणि नांवाबरोबर जो अर्थ फिरतो तोच पुस्तकाचा अर्थ असें सर्वजण धरून चालतात. येथें हा फिरता अर्थ असा, कीं एका देहांत दोन माणसें होतीं, एक साधु व एक राक्षस. राक्षस प्रबळ झाला आणि बिचाऱ्या साधूचा घात झाला. आमच्या मतें हा अर्थ पुस्तकांत नाहीं. किंबहुना ज्या लबाडीवर पुस्तकाचा सारा रोख आहे, तीच लबाडी या अर्थांत शिरली आहे. तें कसें, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

स्टीव्हन्सन १८५० सालीं एडिंबरो शहरीं जन्मला. त्या शहरांत अठराव्या शतकांत विल्यम ब्रॉडी नांवाचा एक गृहस्थ होऊन गेला. धंद्यानें तो लांकडी सामान करणारा, सुतारांच्या संघाचा मुख्य आणि नगरसभेचा सभासद; पण रात्रीं तो घरें फोडीत असे, आणि १७८८ सालीं त्यास फांशी देण्यांत आलें. पुढें हेन्ली या कवीच्या साह्यानें स्टीव्हन्सननें या ब्रॉडीवर एक नाटकहि लिहिलें. प्रतिष्ठेच्या अंगरख्याखालीं लपलेला गुन्हा हा विषय याप्रमाणें पुष्कळ वर्षें त्याच्या मनांत घोळत होता. १८८५ सालीं बोर्नमथ येथें, प्रकृति क्षीण झालेली असतां, त्या विषयास शोभणारी नवी युक्ति त्यास सुचली. आणि जानेवारी १८८६ मध्यें लंडनच्या लाँगमन्स कंपनीनें तें पुस्तक एक शिलिंग किंमतीस बाजारांत आणलें. सहा महिन्यांत त्याच्या सुमारें ४०,००० प्रती खपल्या.

कथेची मांडणी रहस्यकथेची आहे. अटरसन या अबोल वकिलापाशीं त्याचा मित्र डॉक्टर जेकिल याचें मृत्युपत्र आहे. आपण मेलों, किंवा तीन महिन्यांहून अधिक काळ नाहींसे झालों, तर आपली सर्व मिळकत एडवर्ड हाइड यास मिळावी, असें त्यांत लिहिलें आहे. हा हाइड कोण? तर पहांटे तीनच्या सुमारास वाटेंत आडव्या आलेल्या एका लहान मुलीस तुडवून जाणारा, आणि लोकांनीं पकडतांच शंभर पौंड भरून सुटणारा एक खुजा इसम. पुढें तो सर डॅन्व्हर्स कॅर्यू या वृद्ध पार्लमेंट-सभासदास काठीनें ठार मारून नाहींसा होतो. जेकिल सांगतो, आतां आपला त्याच्याशीं कांहीं संबंध उरला नाहीं. पण त्यानें दाखविलेलें हाइडचें पत्र आणि त्याचें स्वतःचें अक्षर वकिलाच्या कारकुनास एकाच हाताचें दिसतें. तिरपेपणा तेवढा निराळा. शेवटीं कुऱ्हाडीनें दार फोडल्यावर आंत जेकिलचे ढगळ कपडे घातलेला हाइड मेलेला आढळतो. दोघे एकच, हें वाचकास त्यानंतर, दहांपैकीं नवव्या प्रकरणांत कळतें. दहावें प्रकरण म्हणजे खुद्द जेकिलचा लेखी जबाब होय.

१८८६ च्या वाचकास हें कोडें जवळजवळ शेवटपर्यंत सुटत नसे. आजच्या वाचकास उत्तर आधींच ठाऊक असतें, आणि आमच्या समजुतीप्रमाणें विपर्यासाचें मूळ येथें आहे. उत्तर ठाऊक असल्यामुळें तो जबाब घाईनें वाचतो. आणि आरोपीचा जबाब घाईनें वाचला, कीं त्याच्या शब्दावर विश्वास बसतो.

प्रथम हें पाहावें, कीं जेकिल साधु नाहीं, आणि औषधानें त्याचे दोन सारखे भागहि होत नाहींत. औषध घेतल्यावर होणारा हाइड निव्वळ दुष्ट आहे. पण पुन्हां औषध घेतल्यावर जो जेकिल होतो, तो निव्वळ सज्जन नसून पूर्वीचाच, चांगल्यावाइटाची मिसळ असलेला जेकिल असतो. त्याच्यांतील चांगला अंश वेगळा काढून दाखविणारा पेला पुस्तकांत कोठेंहि नाहीं. असें कां व्हावें, याचें कारण जेकिलच्याच तोंडीं आहे. औषध स्वतः दैवी नव्हतें व राक्षसीहि नव्हतें. उदात्त हेतूनें घेतलें असतें तर त्यांतून देवदूत बाहेर पडता, असें तो कबूल करतो. मग त्याचा हेतु कोणता होता? त्यास तरुणपणापासून कांहीं सुखांचा नाद होता. तीं सुखें कोणतीं तें तो सांगत नाहीं. पण दुसरा एखादा त्यांची फुशारकीहि मारता, इतपतच तीं वाईट होतीं. अडचण होती ती लौकिकाची. तो रॉयल सोसायटीचा सदस्य, अडीच लक्ष पौंडांचा धनी, आणि लोकांत मान ताठ ठेवून चालण्याची त्यास विलक्षण हौस. सुख सोडावयाचें नव्हतें आणि मानहि सोडावयाचा नव्हता. म्हणून पाप करतांना आपण ओळखूं येऊं नये, असा उपाय त्यानें शोधून काढला. हाइड त्याच्या घरांत शत्रु म्हणून शिरला नाहीं. त्यास यजमानानेंच बुरखा म्हणून शिवून घेतला. सोहोमध्यें त्याच्यासाठीं निराळें घर, तेथें कामास एक बाई, बँकेंत निराळें खातें, निराळ्या वळणाची सही, वर मृत्युपत्र, ही तजवीज बेसावध मनुष्याची खास नव्हे.

येथें एक भेद स्पष्ट करणें अवश्य आहे. ज्यास बहुव्यक्तिमत्त्व म्हणतात तो मनोविकार स्टीव्हन्सनच्या काळीं वैद्यांच्या चर्चेंत होता. फ्रान्समध्यें लुई व्हिव्हे नांवाच्या रुग्णाचीं वर्णनें त्याच सुमारास प्रसिद्ध होत होतीं; त्याच्या एका अवस्थेंतील आठवणी दुसऱ्या अवस्थेंत राहत नसत. पुढें १९५९ सालीं रॉबर्ट ब्लॉक या अमेरिकन लेखकानें 'सायको' या कादंबरींत नॉर्मन बेट्स हें पात्र निर्माण केलें आणि १९६० सालीं हिचकॉकनें त्यावर चित्रपट काढून तें जगभर नेलें. आडमार्गावर प्रवाशांसाठीं खोल्या चालविणाऱ्या या मनुष्यानें आपल्या आईस कधींच विष दिलेलें आहे. पण त्याच्या मनांत ती जिवंत आहे, त्याच्याशीं बोलते, आणि त्याच्या हातानें खून करते. खून झाल्यावर नॉर्मन तेथें येतो तो घाबरून, आईचें कृत्य झांकण्यासाठीं. कादंबरीच्या अखेरीस मानसरोगतज्ज्ञ त्याच्यांत तीन व्यक्ति मोजतो: आईस धरून राहिलेलें मूल, आई, आणि जगांत वावरणारा प्रौढ पुरुष. हें चित्र कितपत शास्त्रशुद्ध आहे हा प्रश्न निराळा. पण येथें मन खरोखरच तडकलेलें आहे, आणि तड गेली आहे ती स्मरणाच्या जागीं.

जेकिलच्या स्मरणास कोठेंहि तड नाहीं. हाइड जें करतो तें सर्व जेकिल जाणतो, आणि घरीं परतल्यावर शक्य तेथें त्याची भरपाईहि करतो. मुलीस तुडविल्यावर शंभर पौंड भरतांना रोख दहा पौंडांवरील रकमेचा जो धनादेश दिला गेला, त्यावर सही जेकिलची होती. ज्याची आठवण शाबूत, ज्याची सही चालू, तो मनुष्य दोन कसा? तो एकच आहे, आणि त्यास तें पक्कें ठाऊक आहे.

ठाऊक असूनहि तें तो कसें चुकवितो, हें पाहावयाचें असेल तर वाचकानें जबाबांतील सर्वनामांकडे लक्ष द्यावें. आमच्या मतें स्टीव्हन्सनचें खरें कौशल्य तेथें आहे. आरंभीं जेकिल मोठ्या समाधानानें सांगतो, कीं दोष हाइडचा, एकट्या हाइडचा. पुढें कॅर्यूच्या खुनाचा प्रसंग येतो. तेथें लिहिणाराचा हात चुकतो कीं सत्य अनावर होतें, कोण जाणे. त्या निर्जीव होत चाललेल्या देहावर काठी कोण चालवीत होता हें सांगतांना तो 'मी' लिहितो, आणि त्या क्षणाचा आनंदहि स्वतःचा म्हणून सांगतो. त्यानंतर औषधाशिवाय हाइड होऊन हॉटेलांत दडून बसल्याची हकीकत येते, तेव्हां लेखणी पुन्हां 'तो' म्हणूं लागते, आणि येथें आपणास 'मी' म्हणवत नाहीं अशी कबुली देऊन थबकते. शेवटच्या ओळींत तर तो हेन्री जेकिल याचेंहि नांव परक्याप्रमाणें घेतो आणि यापुढें जें होईल तें दुसऱ्याचें असें म्हणून लेखणी खालीं ठेवतो. आतां हाइडहि 'तो' आणि जेकिलहि 'तो'. मग इतकीं पानें लिहिणारा 'मी' कोण होता? साऱ्या कथेंतील भय आम्हांस या प्रश्नांत सांठलेलें वाटतें. जो मनुष्य आपल्या कृत्यांस एक एक करून 'तो' म्हणत गेला, त्यास अखेर 'मी' म्हणण्यास कांहींच शिल्लक राहिलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं पुढें पुढें जेकिलच्या इच्छेविरुद्ध रूप पालटूं लागलें, तेव्हां तरी तो दयेस पात्र रोगीच नव्हे काय? दयेस पात्र खरा. पण हें पालटणें कसें आलें याचा क्रम लेखकानें बारकाईनें दिला आहे. आधीं हौसेनें, मग वारंवार, मग दुप्पट मात्रेनें. तेव्हां कोठें एके सकाळीं अंथरुणांत जागा होऊन तो पाहतो, तों हात हाइडचा. व्यसनाचा क्रम याहून निराळा नसतो. आणि खुनानंतर कित्येक दिवस सदाचारानें घालविल्यावर, जागेपणीं व औषधाशिवाय पहिल्यानें रूप पालटतें तें कोणत्या क्षणीं? रीजंट्स पार्कमध्यें उन्हांत बाकावर बसून, आपण इतके परोपकारी आणि इतर लोक किती आळशी, अशी तुलना जेकिल मनांत करीत असतो, त्याच क्षणीं. कोणतेंहि पाप करीत नसतां केवळ आत्मस्तुतीच्या सुखांत त्याचा हाइड होतो. प्रतिष्ठेच्या ज्या हौसेपायीं हाइड जन्मला, तीच हौस त्यास पुन्हां बोलावून आणते.

पुस्तक निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पहिल्या क्षाराची भेसळच गुणकारी होती आणि तसा क्षार पुन्हां मिळाला नाहीं, ही कथा संपविण्याची तोड ओढूनताणून आणलेली वाटते. कथेंत स्त्रिया जवळजवळ नाहींतच. एक तुडविलेली मुलगी, एक खून पाहणारी मोलकरीण, अशाच येऊन जातात. हे प्रौढ अविवाहित पुरुष परस्परांचीं गुपितें सांभाळीत बसले आहेत, त्या जगांत कोंदटपणा आहे. तो कोंदटपणा कथेस उपकारकहि झाला आहे, परंतु त्यामुळें जेकिलचें सुख म्हणजे काय हें धुक्यांतच राहतें.

हें धुकें रंगभूमीस व पडद्यास मानवलें नाहीं. १८८७ सालीं बोस्टन येथें रिचर्ड मॅन्सफील्ड या नटानें दोन्ही भूमिका केल्या, तेव्हांपासून हें कथानक मुख्यतः नटाच्या पराक्रमाचें होऊन बसलें. १९२० सालीं जॉन बॅरिमोर, १९३१ सालीं फ्रेडरिक मार्च, १९४१ सालीं स्पेन्सर ट्रेसी यांनीं पडद्यावर तोच पराक्रम केला. मार्चला त्याबद्दल ऑस्कर पारितोषिकहि मिळालें. आमच्याकडे १९८१ सालीं 'चेहरे पे चेहरा' या हिंदी चित्रपटांत संजीव कुमार यानें ही भूमिका केली. नटाचें कौतुक करावें तितकें थोडें. पण एका बाजूस देखणा सज्जन व दुसऱ्या बाजूस केसाळ राक्षस असे दोन चेहरे समोर आले, कीं दोन माणसें होतीं हा ग्रह पक्का होतो. पुस्तकांत हाइडच्या अंगीं कोणतें व्यंग आहे हें कोणासहि नेमकें सांगतां येत नाहीं; पाहणारास शिसारी तेवढी येते.

पात्राविषयींच्या या गैरसमजानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. आमच्या मतें दोन्हीकडे बिघडतें. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांनीं १९८० सालीं बहुव्यक्तिमत्त्वास आपल्या वर्गीकरणांत स्वतंत्र स्थान दिलें व १९९४ सालीं त्याचें नांव बदललें. त्याच्या निदानाविषयीं तज्ज्ञांत अद्याप वाद आहेत. पण या रुग्णांच्या पूर्वायुष्यांत बाळपणीं सोसलेले घोर अत्याचार वारंवार आढळतात, हें नमूद आहे. अशा सोसलेल्या जीवास 'जेकिल-हाइड' म्हणणें म्हणजे त्याच्या दुखण्यावर खुनाचा शिक्का मारणें होय. उलट घरांत बायकामुलांस मारहाण करून सकाळीं चारचौघांत हंसतमुखानें मिरविणाऱ्या गृहस्थास तेंच नांव देऊन आपण मोठी सवलत देतों. जणूं मारणारा दुसराच कोणी होता! त्यास रात्रीचें सर्व आठवत असतें. तो नॉर्मन बेट्सच्या जातीचा नव्हे; तो जेकिलच्याच जातीचा आहे, आणि जेकिलप्रमाणें तोहि मार खाणारास दुसऱ्या दिवशीं भरपाई म्हणून कांहींतरी आणून देतो.

तेव्हां हें पुस्तक ज्यांनीं नांवानेंच ओळखलें आहे, त्यांनीं तें एकदां मुळांतून वाचावें अशी आमची शिफारस आहे. शंभराच्या आसपास पानें आहेत. दोन संध्याकाळीं संपतें. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलांमुलींसहि तें द्यावें. आणि शेवटचें प्रकरण वाचतांना हातांत एक पेन्सिल असूं द्यावी. जेथें जेथें जेकिल 'मी' म्हणतो तेथें एक खूण, आणि जेथें 'तो' म्हणतो तेथें दुसरी. प्रकरण संपल्यावर त्या दोन खुणांचा क्रम एकवार पुन्हां न्याहाळला, तर डॉक्टरसाहेबांची फिर्याद किती खरी होती, याचा निकाल वाचकास स्वतःच देतां येईल.