प्रा. झेड्. के. मॅथ्यूज यांचे कागदपत्र : एक साधनचिकित्सा

(१)

दक्षिण आफ्रिकेंतील फोर्ट हेअर येथील विद्यालयांत देशी कायदा, राज्यव्यवहार व मानवसमाजशास्त्र हे विषय शिकविणारे प्रा. झेकराया केओदिरेलांग मॅथ्यूज (१९०१–१९६८) यांच्या चरित्राचीं मुख्य साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिलें साधन म्हणजे त्यांचे खाजगी कागदपत्र. हे प्रिटोरिया येथें दक्षिण आफ्रिका विद्यापीठाच्या संग्रहांत ठेवलेले आहेत. दुसरें त्यांचें आत्मचरित्र. तें त्यांच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनीं, १९८१ सालीं, लंडन व केप टाउन येथून छापून निघालें. तिसरें, १९५६ ते १९६१ या काळांत चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्याचें दप्तर. एकाच पुरुषाविषयींचीं हीं तीन साधनें तीन निरनिराळ्या हातांनीं जतन झालीं. पहिलें कुटुंबाच्या, दुसरें स्नेह्याच्या, आणि तिसरें प्रतिपक्षाच्या. त्यामुळें त्यांची योग्यता सारखी मानून चालणार नाहीं. कोणतें साधन कोणत्या गोष्टीस प्रमाण धरावें याचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२)

चरित्राची रूपरेषा थोडक्यांत देतों. मॅथ्यूज यांचा जन्म १९०१ सालीं किंबर्ले या हिऱ्यांच्या खाणीच्या गांवाजवळ झाला. वडील बामांग्वाटो या जमातीचे, आई बारोलोंग जमातीची. लव्हडेलच्या मिशनरी शाळेंतून ते फोर्ट हेअरला गेले आणि १९२३ सालची परीक्षा देऊन तेथून बी. ए. होणारे पहिले विद्यार्थी ठरले. पुढें नाताळ प्रांतांतील अ‍ॅडम्स कॉलेजांत ते हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. पुढें नोबेल शांतता पारितोषिक मिळविणारे आल्बर्ट लुथुली हे तेथें त्यांचे सहकारी होते. नोकरी सांभाळून त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला व १९३० सालीं एल्एल्. बी. ही पदवी घेतली. दक्षिण आफ्रिकेंत ही पदवी मिळविणारे ते पहिले आफ्रिकन होत. ही परीक्षा त्यांनीं दिली ती दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची, आणि त्यांचे कागद आज त्याच विद्यापीठाच्या स्वाधीन आहेत, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

कांहीं काळ वकिली करून ते अमेरिकेंत येल विद्यापीठांत गेले. तेथून १९३४ सालीं एम्. ए. होऊन ते लंडनमध्यें मालिनोव्स्की यांच्या हाताखालीं राहिले. १९३६ सालीं ते फोर्ट हेअर येथें अध्यापक व पुढें प्राध्यापक झाले. नेल्सन मंडेला व सेरेत्से खामा हे तेथील त्यांचे विद्यार्थी. १९५९ सालीं सरकारनें फोर्ट हेअरचें विद्यालय आपल्या ताब्यांत घेऊन तें एका जमातीपुरतें करण्याचा कायदा केला, तेव्हां निवृत्तीस दोनच वर्षें उरलीं असतां व पेन्शनवर पाणी सोडून त्यांनीं राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनीं जिनीव्हा येथें जागतिक चर्च परिषदेंत काम केलें. १९६६ सालीं बोट्स्वाना स्वतंत्र झालें, तेव्हां अध्यक्ष खामा यांनीं आपल्या या गुरूंस वॉशिंग्टन येथें राजदूत नेमिलें. तेथेंच ११ मे १९६८ रोजीं त्यांचा अंत झाला.

(३)

आतां आत्मचरित्राकडे वळूं. हें पुस्तक वाचतांना पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही कीं, यांत दोन हात आहेत. मॅथ्यूज यांनीं लिहिलेला मजकूर त्यांच्या हयातींत पुरा होऊन प्रसिद्ध झाला नाहीं. मानवसमाजशास्त्रज्ञ मोनिका विल्सन यांनीं तो संपादिला व स्वतः स्मृतिलेख जोडून चरित्र मृत्यूपर्यंत आणून पोंचविलें. विल्सन बाई लव्हडेललाच जन्मलेल्या, फोर्ट हेअरला मॅथ्यूज यांच्यासह शिकविलेल्या, आणि पोंडो लोकांवरील त्यांचा १९३६ सालचा ग्रंथ प्रसिद्धच आहे. अधिक योग्य संपादक मिळणें कठीण होतें. तथापि योग्यता ही एक गोष्ट व तटस्थता ही दुसरी. स्नेह्यानें पुरें केलेलें चरित्र हें जुन्या भाषेंत सांगावयाचें तर पदरच्या माणसानें लिहिलेली बखर होय. ती खोटी असते असें नाहीं, परंतु तिचा कल कोणीकडे आहे हें ठाऊक असावें लागतें. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘आत्मचरित्र’ हा शब्द असल्यामुळें विल्सन यांचीं वाक्यें मॅथ्यूज यांच्या तोंडीं घालून उतारे देण्याचा मोह होतो. तो अभ्यासकांनीं कटाक्षानें टाळला पाहिजे.

बाळपण व शिक्षण यांविषयीं मात्र आत्मचरित्र हेंच पहिल्या प्रतीचें साधन आहे. विशेषतः शाळेंत इतिहास कसा शिकविला जाई याची त्यांनीं सांगितलेली हकीकत कोणाही इतिहाससंशोधकानें वाचावी अशी आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या दृष्टीनें लिहिलेला आपल्याच पूर्वजांचा इतिहास पाठ करावयाचा, आणि उत्तीर्ण व्हावयाचें तर परीक्षेंत तोच लिहून परत द्यावयाचा, असा तो प्रकार होता. मनांत एक व उत्तरपत्रिकेंत दुसरें अशी ही दुहेरी जमाखर्चाची वही या पिढीस वर्षानुवर्षें ठेवावी लागली. मॅथ्यूज यांनीं पुढें १९४५ सालीं त्शिदी बारोलोंग यांचा संक्षिप्त इतिहास छापला तो याच ऋणाच्या फेडीदाखल, असें समजण्यास हरकत नाहीं. आईच्या कुळाचा इतिहास त्यांनीं परीक्षकासाठीं न लिहितां त्या लोकांसाठीं लिहिला.

उलटपक्षीं, राजकारणाच्या एका प्रकरणीं आत्मचरित्रावर विसंबून राहणें धोक्याचें आहे. १९३६ च्या कायद्यानें स्थापिलेल्या ‘नेटिव्ह प्रतिनिधि-मंडळा’त मॅथ्यूज १९४२ सालीं निवडून गेले. मंडळास सल्ला देण्यापलीकडे अधिकार नव्हता. ऑगस्ट १९४६ मध्यें खाणकामगारांचा संप सरकारनें बळानें मोडला, त्या वेळीं मंडळानें एकमतानें आपलें काम तहकूब केलें. या तहकुबीचीं कारणें सांगणारी पुस्तिका मॅथ्यूज यांनीं त्याच वर्षीं लिहिली, आणि ती त्यांच्या लेखनांतील सर्वांत कसदार गोष्टींपैकीं एक आहे. परंतु त्यांनीं मंडळाचा राजीनामा दिला तो १९५० सालीं. मध्यंतरीं डिसेंबर १९४९ मध्यें आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनें अशा संस्थांवर बहिष्कार घालण्याचा कार्यक्रम मंजूर केला होता. मॅथ्यूज १९४९ पासून काँग्रेसच्या केप शाखेचे अध्यक्षही होते. म्हणजे ज्या संघटनेनें मंडळाचा त्याग करण्यास सांगितलें, तिचा एक प्रांताध्यक्ष मंडळांत बसलेला होता. यास धिमेपणा म्हणावें, डाव म्हणावा कीं गोंधळ म्हणावा, याचा निर्णय आत्मचरित्रांतील शांत व समंजस निवेदनावरून करतां येणार नाहीं. आत्मचरित्रकार येथें आपल्याच बाजूचा वकील असतो, आणि मॅथ्यूज तर सनदी वकील होते. मंडळाचे छापील वृत्तांत, १९४६ ची पुस्तिका आणि त्या काळचीं पत्रें हीं समोरासमोर ठेवूनच हा निवाडा केला पाहिजे.

(४)

मॅथ्यूज यांच्या विद्वत्तेचें मर्म कायद्याच्या प्रश्नांत आहे. १९२७ च्या नेटिव्ह अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कायद्याच्या ११ व्या कलमानें कमिशनरच्या कोर्टांना, त्यांच्या मर्जीप्रमाणें, आफ्रिकनांतील दावे देशी रूढीनुसार निकालांत काढण्याची मुभा दिली. अट एवढीच कीं ती रूढि सार्वजनिक नीति व नैसर्गिक न्याय यांच्या विरुद्ध नसावी. नैसर्गिक न्याय म्हणजे काय हें अर्थातच गोऱ्या अधिकाऱ्यानें ठरवावयाचें. त्याच कायद्यानें नाताळ, ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट या प्रांतांत गव्हर्नर-जनरल यास सर्व आफ्रिकनांचा ‘सर्वश्रेष्ठ नायक’ केलें. नाताळांत तर रूढीची संहिताच बनली होती. १८९१ च्या त्या संहितेनें स्त्रीला जन्मभर अज्ञान ठरविलें. जें मुखानें चालत होतें व प्रसंगानुरूप वांकत होतें, तें कलमांत बसलें कीं ताठ होतें, व त्या ताठरपणास मग ‘परंपरा’ हें नांव मिळतें.

दख्खनच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित नाहीं. पेशवाई गेल्यावर आर्थर स्टील यानें दख्खनच्या जातींच्या चालीरीतींचा संग्रह करून तो १८२७ सालीं छापला, त्यामागील गरज हीच होती. परक्या न्यायाधीशास हातीं धरण्याजोगें पुस्तक हवें होतें. अशा संग्रहांत माहिती विपुल असते. परंतु प्रश्न कोणी विचारले, उत्तरें कोणी दिलीं, आणि कोणास विचारलेंच नाहीं, हें त्यांत क्वचितच नमूद असतें.

या पार्श्वभूमीवर मॅथ्यूज यांच्या येल येथील प्रबंधाचें मोल ठरतें. बांटू कायदा व पाश्चात्य सुधारणा यांचा दक्षिण आफ्रिकेंतील संघर्ष हा त्याचा विषय. रोमन-डच कायद्याची परीक्षा दिलेला, कोर्टांत उभा राहिलेला, आणि तरीही त्या रूढींत स्वतः वाढलेला असा अभ्यासक त्यापूर्वीं या विषयास लाभला नव्हता. आयझॅक शापेरा यांचा त्स्वाना कायद्यावरील १९३८ चा ग्रंथ अधिक विस्तृत व अधिक व्यवस्थित आहे यांत संशय नाहीं. मॅथ्यूज यांनीं त्या तोडीचा ग्रंथ लिहिला नाहीं, ही त्यांच्या कीर्तीतील उणीव स्पष्टपणें मान्य केली पाहिजे. राजकारण, समित्या व विद्यालयाचा कारभार यांनीं त्यांचा काळ खाल्ला. म्हणूनच त्यांच्या कागदपत्रांतील व्याख्यानें व टिपणें यांस विशेष महत्त्व आहे. जो ग्रंथ व्हावयाचा राहिला त्याची सामुग्री शोधावयाची ती तेथेंच.

(५)

आतां तिसरें साधन. १५ ऑगस्ट १९५३ रोजीं क्रॅडॉक येथें केप काँग्रेसच्या अधिवेशनांत अध्यक्षपदावरून मॅथ्यूज यांनीं सूचना केली कीं, वर्ण व जात न पाहतां सर्व देशाच्या प्रतिनिधींची लोकपरिषद बोलवावी व तिनें भावी लोकशाहीसाठीं स्वातंत्र्याची सनद तयार करावी. त्याप्रमाणें २५ व २६ जून १९५५ रोजीं क्लिपटाउन येथें परिषद भरली. या परिषदेस हिंदी लोकांची काँग्रेसही सामील होती. मॅथ्यूज मात्र स्वतः हजर नव्हते. दुसऱ्या दिवशीं पोलिसांनीं वेढा घालून प्रतिनिधींचे कागद काढून घेतले. २७ सप्टेंबर १९५५ रोजीं देशभर झडत्या झाल्या, आणि ५ डिसेंबर १९५६ रोजीं मॅथ्यूज यांस राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. एकूण आरोपी १५६. त्यांत त्यांचे चिरंजीव जो मॅथ्यूज हेही होते.

हा खटला मुख्यतः कागदांवर चालला. हजारो लेख पुराव्यांत दाखल झाले. त्यांत परिषदेच्या भोजनगृहांतील ‘मांसासह सूप’ व ‘मांसाविना सूप’ अशा दोन पाट्याही होत्या! सरकारपक्षानें केप टाउन विद्यापीठांतील एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांस साम्यवादाचे तज्ज्ञ म्हणून उभें केलें. बचावाचे वकील व्हर्नन बेरांजे यांनीं एकामागून एक उतारे वाचून यांत साम्यवाद आहे काय असें विचारिलें. साक्षीदारांनीं एक उतारा निःसंशय साम्यवादी ठरविला, आणि तो त्यांचा स्वतःचाच पूर्वीं लिहिलेला निघाला. कर्ता, काळ व प्रसंग बाजूस सारून केवळ शब्दांवरून लेखाची जात ठरविणारांस हा धडा पुरेसा आहे.

मॅथ्यूज यांवरील आरोप पुढें सोडून देण्यांत आले, पण १९६० सालीं बचावाचे शेवटचे साक्षीदार म्हणून ते पुन्हां त्याच कोर्टांत उभे राहिले. २९ मार्च १९६१ रोजीं उरलेले सर्व आरोपी निर्दोष सुटले. ज्या सनदेवरून राजद्रोह सिद्ध करावयाचा होता, ती बळाच्या वापराची योजना आहे असें सरकारास दाखवितां आलें नाहीं.

जप्तीमुळें हे कागद शाबूत राहिले, ही गोष्ट विलक्षण खरी. इंग्रजांच्या ताब्यांत गेलेलें पेशवे दप्तर पुण्यांत टिकलें, त्यांतलाच हा प्रकार. तथापि जप्त दप्तर हें निवडलेलें दप्तर असतें. पोलिसांस जो कागद संशयित वाटला तो उचलला गेला. जो निरुपद्रवी दिसला तो घरीं राहिला, वा नाहींसा झाला. केवळ खटल्याच्या दप्तरावरून मॅथ्यूज यांचें चित्र काढल्यास तें अखंड चळवळींत बुडालेल्या माणसाचें निघेल. केवळ आत्मचरित्रावरून काढल्यास एका सौम्य शिक्षकाचें निघेल. दोन्हीही अपुरीं आहेत.

(६)

म्हणून आमचें मत असें कीं, शिक्षण व मनोरचना यांस आत्मचरित्र, विचारांस प्रबंध व टिपणें, सार्वजनिक कृत्यांस समकालीन छापील वृत्तांत व खटल्याचें दप्तर, आणि हेतूंस खाजगी पत्रें, असा प्रामाण्याचा क्रम लावावा. यांस चौथ्या साक्षीची जोड द्यावी. पत्नी फ्रीडा बोक्वे मॅथ्यूज यांच्या आठवणी १९९५ सालीं प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि पुरुषांनीं लिहिलेल्या चरित्रांत जें घर दिसत नाहीं तें तेथें दिसतें. आत्मचरित्राची पुढील आवृत्ति काढणारानें मॅथ्यूज यांचा मजकूर व संपादकाचा मजकूर निरनिराळ्या टंकांत छापावा, व प्रत्येक प्रकरणास आधारभूत कागदाचा क्रमांक द्यावा.

हस्तलिखितांचा संग्रह करणारांनींही यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कागद कोणाच्या घरून, कोणत्या हातीं, कोणत्या कारणानें आला, हें त्याच्या पाठीवर नोंदून ठेवावें. मजकूर पुढें कोणीही वाचील, परंतु कागद कोणत्या मार्गानें आला तें नोंद नसल्यास कोणासच कळणार नाहीं. मॅथ्यूज यांच्या बाबतींत निम्मा इतिहास त्या मार्गांतच आहे.