ढाल केलेला माणूस : 'जी मेन'मधील एक चकमक

जेम्स कॅग्नीने १९३१च्या 'द पब्लिक एनिमी'त गुंड रंगवला होता. चारच वर्षांनी त्याच वॉर्नर ब्रदर्सने 'जी मेन'मध्ये त्याला केंद्र सरकारचा एजंट केले. या चित्रपटाचे विवेचन बहुधा या वेषांतरापाशी थांबते. १९३४च्या मध्यापासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे अमलात येऊ लागली आणि गुंडाला नायक करणे अवघड झाले. म्हणून नट तोच, बंदूक तीच, बाजू मात्र बदलली, असा हा युक्तिवाद. तो मला मान्य आहे. पण 'जी मेन'मधली खरी अदलाबदल मला दुसऱ्या ठिकाणी दिसते : लॉजवरच्या चकमकीत.

या प्रसंगामागची घटना तेव्हा ताजी होती. २२ एप्रिल १९३४च्या रात्री एडगर हूवर यांच्या ब्यूरोने विस्कॉन्सिनमधील 'लिटल बोहेमिया' या लॉजवर छापा घातला. आत जॉन डिलिंजर आणि त्याची टोळी होती. लॉजमधून मोटारीने निघालेल्या तिघा गिऱ्हाइकांना गुंड समजून एजंटांनी गोळ्या झाडल्या. एक ठार झाला, दोघे जखमी झाले. तेवढ्यात टोळी मागच्या बाजूने पसार झाली. त्याच रात्री 'बेबी फेस' नेल्सनने एका एजंटाला ठार केले. पहाटे ब्यूरोच्या हाती लागल्या त्या टोळीबरोबरच्या तीन स्त्रिया.

चित्रपटात हाच छापा यशस्वी होतो. टोळीतले बहुतेक मारले जातात, एक निसटतो. शिवाय एक नि:शस्त्र माणूसही मरतो : लॉजचा मालक मॅके. नायकाच्या वकिलीच्या शिक्षणाचा खर्च यानेच केलेला. गुंड त्याला ढाल म्हणून पुढे करतात आणि चकमकीत तो बळी पडतो. म्हणजे निरपराध गिऱ्हाइकाची जागा पटकथेने रिकामी ठेवलेली नाही. तिथे दुसरा माणूस आणून बसवला आहे. मृत्यू राहतो, पण त्याचा दोष एजंटांच्या घाईवरून गुंडांच्या क्रौर्यावर सरकतो. प्रेक्षक हळहळतो, पण एजंटांना जाब विचारत नाही.

घटनाक्रमही असाच फिरवलेला आहे. एजंटांना शस्त्र बाळगण्याचा आणि अटकेचा स्पष्ट अधिकार देणारा कायदा जून १९३४मध्ये, लिटल बोहेमियानंतर झाला. चित्रपटात आधी अधिकार मिळतात, मग छापा पडतो. त्यामुळे कायदा हा विजयाचा पाया वाटतो; तो एका फजितीच्या पाठोपाठ आला, हे दिसत नाही.

करमणुकीच्या चित्रपटाकडून साक्षीची अपेक्षा का करावी, असे कोणी म्हणेल. मीही केली नसती. पण १९४९मध्ये 'जी मेन' पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला एक प्रास्ताविक दृश्य जोडले गेले. त्यात एफबीआयचा एक अधिकारी नव्या उमेदवारांना हा चित्रपट दाखवतो. हे दृश्यही अभिनयच, पण त्याने चित्रपटाचा दर्जा बदलला : आता ती गोष्ट उरली नाही, संस्थेचा वारसा झाली. पडद्यावरचे ते उमेदवार मॅकेचा मृत्यू पाहणार होते. लिटल बोहेमियाच्या आवारात मोटारीत मेलेला माणूस त्यांच्या धड्यात नव्हता.