सवाई माधवराव व नाना फडणीस
सवाई माधवराव व नाना फडणीस : पुण्याच्या पेशवे दरबारातील तैलरंगातील एक महत्त्वाचे व्यक्तिचित्र. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) याने ते १७९२ मध्ये रंगविले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला व पुढील वर्षी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात काम करू लागला. गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत त्याचा साहाय्यक होता.

राजव्यक्तिचित्राची यूरोपीय परंपरा बरोक काळात परिणत झाली. रूबेन्सने सु. १६२२–२५ मध्ये रंगविलेले फ्रान्सची राणी ॲन हिचे चित्र (लूव्हर, पॅरिस) हा तिचा उत्कृष्ट नमुना होय. त्यात तरुण राणी एकटीच आसनस्थ असून वस्त्रालंकारांनी तिचे राजपद सूचित होते. मात्र त्या वेळी तिच्या हाती राज्यसत्ता नव्हती, ही गोष्ट चित्र झाकून ठेवते. व्हॅन डाइकने ही परंपरा इंग्लंडमध्ये रुजविली व तिचाच वारसा वेल्सकडे आला.

पुण्यात मात्र या परंपरेला दोन अडचणी आल्या. येथे उंच सिंहासनाऐवजी बैठक होती. त्यामुळे उंचीतून साधणारा भव्यपणा वेल्सला सोडावा लागला. दुसरी अडचण सत्तेच्या स्वरूपाची होती. पेशवा अवघा अठरा वर्षांचा, तर कारभार पन्नास वर्षांच्या नानांच्या हाती होता. वेल्सने दोघांनाही एकाच चित्रचौकटीत आणले. धनी आणि कारभारी यांचे हे सान्निध्य हाच चित्राचा खरा विषय ठरतो. रूबेन्सच्या चित्राने जे झाकले, ते येथे उघड झाले आहे. रूबेन्सच्या रंगांतील चैतन्य व प्रवाहीपणा वेल्समध्ये नाही आणि मांडणीत काहीसा ताठरपणा आहे. तथापि दरबारी स्तुतीपेक्षा प्रत्यक्ष व्यक्तीकडे त्याचे अधिक लक्ष आहे.

१७९५ च्या ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात पडून मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात वेल्सही मरण पावला. वेल्सच्या रेखाटनांचा आधार घेऊन टॉमस डॅन्यल याने १८०५ मध्ये पेशवे दरबाराचे मोठे चित्र पूर्ण केले. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतील इमारती नष्ट झाल्या. त्यामुळे पेशवाईच्या उत्तरकाळातील माणसे समकालीनांना कशी दिसली, हे सांगणाऱ्या मोजक्या साधनांत या चित्राची गणना करावी लागते.