खोट्या प्रेमाची चैन

एलेना अर्मास या स्पॅनिश बाईची 'द स्पॅनिश लव्ह डिसेप्शन' ही इंग्रजी कादंबरी २०२१ साली आली. आधी तिनं ती स्वतःच काढली, मग मोठ्या प्रकाशकानं उचलली, आणि पोरापोरींनी मोबाइलवर एकमेकांना सांगून तिचा धुरळा उडवला. आता ती फुटपाथवरच्या ढिगातसुद्धा सापडते. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या गाइडाखाली मी ती दोनदा बघितली. तेव्हा 'हे पांढरपेशांचे थेर' म्हणून नाक मुरडणाऱ्या कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे, आधी वाचा. आपल्या पोरी जे वाचतात ते आपण वाचायचं न्हाई, आणि मग पोरी सभेला येत न्हाईत म्हणून बोंबलायचं, हे बंद करा.

गोष्ट थोडक्यात अशी. लीना मार्टिन स्पेनची. न्यूयॉर्कला एका इंजिनिअरिंगच्या कंपनीत टीम लीडर. आरन ब्लॅकफर्ड तिच्याच दर्जाचा. दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. वैराचं कारण ऐकाल तर हसाल. तो नवा आला तेव्हा हिनं त्याला कॉफीचा मग भेट दिला, आणि पुढं 'मला हिच्याबरोबर काम नको' असं तो साहेबाला सांगताना हिच्या कानावर पडलं. झालं वैर. तिकडं हिच्या बहिणीचं लग्न निघतं. नवऱ्यामुलाचा भाऊ डॅनियल हा लीनाचा जुना प्रियकर, आता दुसरीशी लग्न ठरलेला. त्याच्यापुढं एकटी कशी जाऊ म्हणून ही घरी थाप मारते की माझाही एक अमेरिकन मित्र आहे. थाप मारली, आता माणूस पाहिजे. आरन म्हणतो, मी येतो. बदल्यात तिनं एका समारंभाला त्याची जोडीदारीण म्हणून जायचं. मग स्पेन, लग्नघर, एकच पलंग, आणि खोट्याचं खरं.

चारशेच्या वर पानं आहेत आणि त्यातली कितीतरी त्याच्या निळ्या डोळ्यांवर आणि दंडावर खर्ची पडलीत. सगळं लीनाच्या तोंडून येतं म्हणून पुस्तक तरतं. ती स्वतःची टर चांगली उडवते.

पण मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. हे दोघं प्रेम नसताना चारचौघांत प्रेम दाखवतात, आणि सगळं लग्नघर कौतुकानं बघतं. आपल्याकडं उलटं असतं. प्रेम असतं, आणि दोघं चारचौघांत ओळख नसल्यासारखी वागतात. एकाच खात्यात पाळीला येतात, एकाच गेटातून बाहेर पडतात, पण ती पुढं आणि हा पन्नास पावलं मागं. तेही संगनमतानं केलेलं नाटकच की. जीव वाचवायचं नाटक. २०१४ साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला नितीन आगे हा १७ वर्षांचा आपला पोरगा वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून मारला गेला. २०१७ साली आरोपी कोर्टातून निर्दोष सुटले. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न. म्हणजे वैऱ्यांचं प्रेम ही आपल्याकडं काय चीज आहे बघा. कॉफीच्या मगावरून झालेलं ते वैर न्हवे.

कोणी म्हणेल, स्पेनच्या पोरीच्या गोष्टीत तू खर्डा कशाला आणतोस? बरं, स्पेनमध्येच राहू. तिथं गितानो लोक आहेत, शेकडो वर्षं गावाच्या कडेला ठेवलेले. १७४९ साली राजाच्या हुकमानं देशभर एकदम त्यांची धरपकड झाली होती, बायापोरांसकट. आता समजा, लीनानं भाड्याचा प्रियकर म्हणून आरनऐवजी एखादा गितानो नेला असता. ती थाप दोन दिवस तरी चालली असती का? आरन उंच, गोरा, पगारदार. घरच्यांना पसंत पडणारच. खोटं खपतं, कारण त्याचं माप आधीच घेतलेलं असतं. लेखिकेला हा प्रश्न पडत न्हाई. पडायला पायजे होता.

एवढ्यावर पुस्तक फेकून देणार होतो. पण त्यात एक जखम आहे, आणि तिच्यासाठी मी ते तुम्हाला वाचायला सांगतोय.

डॅनियल हा लीनाच्या कॉलेजातला प्राध्यापक होता. त्यांचं जमल्याचं बाहेर फुटलं तेव्हा सगळीकडं कुजबुज, की हिचे मार्क अभ्यासाचे न्हाईत, अंथरुणातले आहेत. त्याला कोणी काही बोललं न्हाई. तिची मात्र डिग्रीच खोटी ठरली. पोरगी देश सोडून गेली. आता नीट ऐका. 'हे तुझं तू मिळवलेलं न्हाई' हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? कॉलेजच्या पहिल्या दिवशी ऐकलंय. 'कोट्यातनं आलाय' म्हणतात तेव्हा हेच म्हणतात. रात्रभर दिव्याखाली बसून काढलेले मार्क एका शब्दात पुसून टाकायचे. बाईला अंथरूण चिकटवायचं, आपल्याला सवलत चिकटवायची. आणि आपल्या बहिणींना तर दोन्ही ऐकावं लागतं. वाइंडिंग खात्यातली एखादी बाई हुशारीनं वर चढली तर पहिल्यांदा तिची जात निघते, मग तिचा मुकादमाशी संबंध लावतात.

न्यूयॉर्कला तेच पुन्हा घडतं. जेराल्ड नावाचा एक सहकारी आहे. कंपनीचा 'ओपन डे' म्हणजे पाहुण्यांची सरबराई, ती लीनाच्या गळ्यात पडते. तिचं रोजचं काम आहेच, वर हे फुकटचं. बाई आहे म्हणून चहाफराळाचं बघ. हा भाग शंभर नंबरी खरा आहे. लेखिकेनं ऑफिस आतून बघितलेलं दिसतं. मग आरन बढती मिळून लीनाचाच साहेब होणार असं ठरतं, आणि दोघांचं प्रेम आता खरं झालेलं. जेराल्ड तोंड उघडतोच, की ही साहेबाबरोबर झोपते. लीना हादरते आणि आरनला दूर लोटते.

इथं पुस्तक घसरलं. लीनाच्या भीतीला लेखिका मनाची गाठ समजते, प्रियकराच्या मायेनं सुटणारी. अहो, ती भीती न्हाई, तो हिशेब आहे. तिनं एकदा किंमत मोजलीय. दोघं एका दर्जाची होती म्हणून भांडण रंगत होतं, आता एकाच्या हातात दुसरीची हजेरी गेली. यावर पुस्तकाचं उत्तर काय? आरन चांगला आहे. साहेब चांगला आहे, हे आम्ही प्रत्येक नव्या मॅनेजरबद्दल ऐकलंय. त्याच्यानंतर येणारा कसा असेल, त्याचं काय? पण लेखिकेचा जीव आता सिॲटलला, आरनच्या आजारी बापाकडं धावतो. तिथं दोघांची दिलजमाई होते आणि ऑफिस मागं पडतं.

कामाच्या जागी बाईची इज्जत राखायचा नियम कोणा चांगल्या साहेबानं दिलेला न्हाई. राजस्थानात भंवरीदेवी, कुंभाराची बाई, सरकारी योजनेत साथिन होती. बालविवाह अडवला म्हणून १९९२ साली वरच्या जातीच्या पुरुषांनी तिच्यावर बलात्कार केला. १९९५ साली खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. तिच्यावरच्या अत्याचारावरून बायकांच्या संघटना त्याआधीच सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, १९९७ साली विशाखा निकाल आला, आणि २०१३ साली कायदा. आज ऑफिसात तक्रार समितीचा बोर्ड लागतो तो तिच्यामुळं.

मंडळाच्या पेटीत माझी प्रत ठेवलीय. जेराल्डची पानं दुमडून ठेवलीत. अभ्यासिकेतल्या पोरींनी ती आधी न्यावी, आणि वाचून झाल्यावर त्यांनी लिहावं. पुढच्या अंकात माझ्या जागेवर त्यांचं छापा.