शब्दांना माफी कोण मिळवून देतं?

भावगीतांवर वाढलेला मराठी कान शब्द आधी धरतो. मेलोडिक रॉक ऐकताना ही सवय पहिल्याच गाण्यात नडते. तीच ती रात्र, तोच हायवे, सोडून गेलेली तीच ती मुलगी. शब्दांवरच निकाल द्यायचा तर निम्मे अल्बम दहा मिनिटांत बाद होतील. तरी त्यांतले काही चाळीस वर्षं टिकले, ते त्यांच्या ध्वनीमुळे.

डेफ लेपर्डचा ‘हिस्टीरिया’ (१९८७) घ्या. शब्द म्हणाल तर बरेचसे उनाड, काही ठिकाणी निव्वळ निरर्थक. पण निर्माता मट लँगने तो घडवला दागिन्यासारखा. गिटारच्या कॉर्डमधले सूर काही ठिकाणी एकेक करून वाजवून घेतले आणि मग एकमेकांवर बसवले. कोरसमध्ये आवाजांचे इतके थर चढवले की गाणारा माणूस एक की पन्नास, कळू नये. गिटार मोठ्या अँप्लिफायरऐवजी ‘रॉकमन’ नावाच्या हातात मावणाऱ्या डबीतून गेल्या, म्हणून त्यांना तो काचेसारखा थंड, गुळगुळीत नाद आला. ही डबी टॉम शोल्झची. पोलरॉइडमधल्या या इंजिनिअरने बोस्टन या आपल्या बँडचा पहिला अल्बम (१९७६) बराचसा स्वतःच्या तळघरात ध्वनिमुद्रित केला होता. या संगीताचा चेहरा कवींपेक्षा अशा खटपट्या तंत्रज्ञांनी ठरवला.

जर्नीच्या ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’मध्ये (१९८१) डेट्रॉइटचा जो दक्षिण भाग येतो, तो नकाशावर सापडत नाही, शहराच्या दक्षिणेला नदी आणि नदीपलीकडे कॅनडा. कुणाचं काही अडलं नाही. खरी करामत रचनेत आहे: ज्या ओळीसाठी गाणं ओळखलं जातं, ती शेवटच्या मिनिटात येते. तोवर पियानो आपल्याला नुसता झुलवत ठेवतो.

शब्द अगदीच बिनकामाचे, असं मात्र नाही. बॉन जोव्हीच्या ‘लिव्हिन ऑन अ प्रेयर’मधला (१९८६) टॉमी संपामुळे बेकार झालेला गोदी कामगार आहे आणि जीना हॉटेलात राबते. एवढ्या दोन ठोस तपशिलांनी कोरसला वजन येतं.

आजचा पेच वेगळा आहे. नेपल्सच्या ‘फ्रंटियर्स’ या रेकॉर्ड कंपनीने १९९६ पासून हा प्रकार जगवला. ती नसती तर कित्येक जुने गायक घरी बसले असते. पण तिच्या बऱ्याच अल्बममागे तेच मोजके गीतकार-निर्माते असतात. ड्रम एकाच साच्यातले, मास्टरिंग इतकं चेपलेलं की हळू आणि जोरात यांतलं अंतरच उरत नाही. ध्वनीला स्वभाव उरला नाही की त्याच्याआड दडलेले पोकळ शब्द उघडे पडतात. समीक्षक मग शब्दांना झोडपतात. शब्द पूर्वीही असेच होते.

स्वीडनची ‘द नाइट फ्लाइट ऑर्केस्ट्रा’ शब्दांत फारसं वेगळं काही करत नाही: विमानं, शहरं, प्रेमभंग. पण ‘अंबर गॅलॅक्टिक’मध्ये (२०१७) बास मोकळा श्वास घेतो, सिंथ मागे न दडता चक्क मिरवतो. मी तो शब्दांसकट ऐकतो.