मुंबईचा डॉलर : कस, किंमत व पुरावा

जुन्या रौप्य नाण्यांचें मोल ठरविण्याची जी रीत रूढ आहे, तिचें परीक्षण करणें हा या टिपणाचा हेतु आहे. चाकणसारख्या बाजारगांवीं जुनें नाणें सराफाकडे आलें म्हणजे तें कांट्यावर चढतें. संग्राहकाकडे गेलें म्हणजे तो किंमतींची यादी उघडतो. एक चांदी पाहतो, दुसरा दुर्मिळता. दोन्ही दृष्टि आपापल्या जागीं रास्त असल्या, तरी इतिहासास त्या अपुऱ्या आहेत असें आमचें मत आहे. उदाहरणादाखल मुंबईच्या टांकसाळींत पडलेला डॉलर घेऊं.

हा डॉलर १८९५ पासून पूर्वेकडील व्यापारासाठीं पाडला जाऊं लागला. वजन ४१६ ग्रेन, कस हजारीं ९००. म्हणजे शुद्ध चांदी सुमारें ३७४ ग्रेन. एका बाजूस त्रिशूलधारी ब्रिटानिया, दुसरीकडे चिनी व मलायी लिपींत मूल्य. त्याच टांकसाळीचा रुपया १८० ग्रेनांचा असून त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कांट्यावर पाहतां एक डॉलर सव्वादोन रुपयांहून किंचित् अधिक भरतो. परंतु या गुणोत्तरावरून त्या काळचें मोल ठरवूं गेल्यास फसगत होते. १८९३ मध्यें सरकारनें खासगी चांदीचे रुपये पाडून देणें बंद केलें, आणि १८९९ मध्यें सॉव्हरिनचा भाव १५ रुपये असा कायद्यानें बांधला. त्यामुळें रुपयाचें मोल त्यांतील चांदीहून अधिक झालें. हाँगकाँगकडे डॉलराचा भाव मात्र चांदीबरोबर चढत व उतरत राहिला. एकाच टांकसाळींतून कायद्यावर चालणारें व कसावर चालणारें अशीं दोन नाणीं एकाच काळीं बाहेर पडत होतीं, ही गोष्ट कोणताहि कांटा सांगत नाहीं.

आतां संग्राहकांविषयीं. चिनी सराफ तपासलेल्या डॉलरावर आपापले ठसे मारीत. संग्राहक बहुधा अशा नाण्याची किंमत कमी करतो. वस्तुतः तें नाणें किती हातांतून पारखून गेलें याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय. आपल्याकडील अंकुशी, चांदवडी आदि रुपयांचा कस पाहून बट्टा लावणारे सराफ ज्यांस ठाऊक आहेत, त्यांना हें वेगळें सांगावयास नको.

दुर्मिळतेचें गणितहि सरळ नसतें. १९३५ सालचे डॉलर सुमारें ६८ लक्ष पडले, तरी ते आज विरळा आढळतात. कारण त्याच वर्षीं चीन व हाँगकाँग यांनीं रौप्यचलन सोडलें आणि बहुतेक नाणीं मुशींत गेलीं. जुनेपणावरून किंमत करणें तर त्याहून भ्रामक आहे. १८४० चा रुपया विपुल मिळतो, उलट १९३९ चा रुपया दुष्प्राप्य आहे. १९४० पासून रुपयांतील चांदी निम्म्यावर आली, आणि पूर्ण कसाचा तो अखेरचा रुपया फारसा व्यवहारांत उतरलाच नाहीं.

तात्पर्य, कस हा नाण्याचा एक गुण आहे, सर्वस्व नव्हे. चाकणच्या आसपास कारखान्यांसाठीं व घरांसाठीं जमीन सतत खणली जात आहे. भूमींत सांपडलेल्या ठेव्याची खबर १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास देणें प्राप्तच आहे. घरांतील नाणीं मोडावयाचीं असतील तर मालकाचा हक्क आम्ही नाकारीत नाहीं; मात्र त्यापूर्वीं दोन्ही बाजूंचे ठसे, वजन, साल, टांकसाळीची खूण, सराफी ठसे व तें कोणत्या गांवीं, कोणत्या नाण्यांसमवेत मिळालें, एवढी नोंद अवश्य व्हावी. वितळलेल्या चांदीचा भाव उद्यांहि मिळेल. एकत्र सांपडलेलीं नाणीं एकदां पांगलीं, म्हणजे त्यांचा परस्परसंबंध मात्र पुन्हां जुळवितां येत नाहीं.