चौकटी भरल्या म्हणजे युक्तिवाद झाला का?

स्टीफन टूलमिन (1922–2009) हे इंग्रज तत्त्ववेत्ते मुळात गणित व भौतिकीचे विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रडारवर काम केले आणि नंतर केंब्रिजला ते तत्त्वज्ञानाकडे वळले. 1958 साली त्यांचे 'द यूझेस ऑफ आर्ग्युमेंट' हे पुस्तक निघाले. न्यायालयात वा प्रयोगशाळेत माणसे जो युक्तिवाद करतात, तो औपचारिक तर्कशास्त्राच्या साच्यात मावत नाही, हे त्यांचे प्रतिपादन ब्रिटनमधील तर्कशास्त्रज्ञांना रुचले नाही. अमेरिकेत मात्र ब्रॉक्रीड व एनिंगर या वक्तृत्वाच्या अध्यापकांनी 1960 साली त्यांची मांडणी वर्गासाठी उचलली. पुढे ती विज्ञानशिक्षणातही आली.

या मांडणीत सहा घटक आहेत: दावा, त्यासाठी दिलेली माहिती, माहितीकडून दाव्याकडे नेणारा दुवा, दुव्याचे पाठबळ, 'बहुधा'सारखा खात्री दाखवणारा शब्द आणि अपवाद.

एक परिचित प्रयोग घेऊ. बशीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती ठेवून वर पेला पालथा घातला की ज्योत विझते व पाणी आत चढते. विद्यार्थी लिहितो: 'हवेतील ऑक्सिजन संपला (दावा), पाणी सुमारे एक पंचमांश चढले (माहिती), हवेत ऑक्सिजन तेवढाच असतो (दुवा).' चौकटी व्यवस्थित भरल्या, पण उत्तर चुकीचे आहे. सगळा ऑक्सिजन संपण्यापूर्वीच ज्योत विझते. पाणी चढते ते मुख्यतः तापलेली हवा निवून आकसल्यामुळे.

आमचा आक्षेप येथे आहे. एर्दुरान, सायमन व ऑस्बोर्न यांनी 2004 साली युक्तिवादाच्या ज्या पातळ्या सुचवल्या, त्या मुख्यतः खंडन आहे की नाही यावर बेतलेल्या आहेत. वर्गातील चर्चा कशी चालली हे त्यातून कळते. विज्ञान बरोबर आहे का, हे कळत नाही. टूलमिन यांचा मूळ मुद्दा तर असा होता, की दुवा ग्राह्य आहे की नाही हे त्या त्या विषयाचे निकष ठरवतात. आकृती राहिली आणि हा मुद्दा मागे पडला.

म्हणून मांडणी टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. अपवादाची चौकट आधी भरून घ्यावी. 'हा दावा कोणत्या परिस्थितीत खोटा ठरेल?' असे विचारावे. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. पाणी अधिक चढते. पेल्यातला ऑक्सिजन तर वाढलेला नाही. आता दुवा तपासणे विद्यार्थ्यांनाच भाग पडते.